मेडिकल कॉलेजचं नाव किती मोजायचं?

मूळ धागा:
प्रवेशाची वेळ आली की सगळ्यांचा पहिला प्रश्न, ‘कॉलेज नावाजलेलं आहे ना?’ माझ्या मते आपण या नावाला नको तेवढं वजन देतो. २०१८ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. इस्पितळात दाखल झालेले ६५ वर्षांवरचे रुग्ण आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या कॉलेजची क्रमवारी त्यात ताडून पाहिली. ३० दिवसांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक आढळला नाही. वरच्या कॉलेजांतल्या डॉक्टरांचे रुग्ण पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण आणि उपचारांचा खर्च किंचित कमी होता, इतकंच. मग पालक एवढा जीव का टाकतात?

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. तुमच्या अभ्यासातले डॉक्टर रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण, संपवून कामाला लागलेले आहेत. तिथवर पोचताना कोणाची किती दमछाक झाली, ते त्यात कुठे दिसतं? यूएसएमएलई या अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेत पहिल्या टप्प्याचा, स्टेप १ चा, निकाल २०२२ पासून फक्त पास-नापास असा लागतो. पूर्वी अनोळखी कॉलेजातली मुलगी त्या गुणांवर स्वतःला सिद्ध करू शकायची. आता तिची भिस्त स्टेप २ वर आणि शिफारसपत्रांवर, आणि पत्राखालची सही ओळखीची असली की रेसिडेन्सीचा अर्ज जास्त लक्ष देऊन वाचला जातो. हे अन्यायाचं आहे, पण आहे. संशोधनात जायचं असेल तर प्रश्नच नाही, लॅब आणि मार्गदर्शक मोठ्या संस्थेतच मिळतात.

धागाकर्ता:
संशोधनाचं मान्य. पण अमेरिकेतल्या ‘यूएस न्यूज’ या प्रकाशनाची गाजलेली क्रमवारी तेव्हा ठरायची कशावर? संशोधनाचा निधी, इतर संस्थांतल्या लोकांचं मत, प्रवेश घेणाऱ्यांचे गुण. जानेवारी २०२३ मध्ये हार्वर्डच्या मेडिकल स्कूलनेच त्या क्रमवारीतून अंग काढून घेतलं.
आता प्रत्यक्ष शिकणं कसं होतं, तर वाढलेली प्लीहा (पोटात डावीकडे असणारा अवयव) कशी तपासतात ते बघा. विद्यार्थी घाईघाईने पोट दाबत सुटतो आणि हाताला काहीच लागत नाही. मग सर त्याचा हात धरून खालच्या बाजूला ठेवतात, ‘तू दाबू नकोस, पेशंटला श्वास घेऊ दे.’ श्वासाबरोबर प्लीहेची कड खाली येते आणि बोटाला लागते. तो क्षण कुठल्या क्रमवारीत मोजला जातो?

प्रतिसाद २:
हे सर छोट्या कॉलेजात भेटतीलच, हे कशावरून? नाव नाही म्हणून वॉर्ड भरलेला असतो असंही नाही. रिकाम्या खाटांवर काय शिकणार? दुर्मिळ केसेस तर मोठ्या रेफरल केंद्रांतच, म्हणजे इतर डॉक्टर अवघड रुग्ण पाठवतात तिथेच, येतात.

धागाकर्ता:
येतात, पण तिथे कन्सल्टंट, फेलो, रेसिडेंट अशा वरच्या डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून विद्यार्थ्याला पेशंटचे पाय तेवढे दिसतात. रिकाम्या वॉर्डचा मुद्दा मात्र खरा आहे, तिथे मी तुमच्याच बाजूने. म्हणून कॉलेज बघायला गेलात की शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा. गेल्या आठवड्यात स्वतः किती पेशंटची हिस्टरी (आजाराची सविस्तर विचारपूस) घेतली, आणि ती चुकली तेव्हा कोणी पुन्हा खाटेपाशी नेऊन दाखवलं का, एवढं विचारा.