घरात पाच प्रकारचं मीठ झालंय, रोजच्या स्वयंपाकाला कोणतं ठेवू?

दांडियाबाजारची सून:

नमस्कार. बडोद्याहून लिहितेय. सासूबाई गेल्या मार्गशीर्षात गेल्या. त्या होत्या तोवर मिठाचा विचार मला कधी करावाच लागला नाही. ओट्याखाली चिनी मातीच्या बरणीत खडे मीठ, ओट्यावर लाकडी डब्यात बारीक, आणि ताकासाठी छोट्या बाटलीत पादेलोण. कशाला कुठलं घालायचं ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं.

आता त्यात आणखी दोघांची भर पडली आहे. नणंदेनं दोन किलो सैंधव आणून दिलं आणि सांगितलं, "वहिनी, यापुढे सगळ्याला हेच वापर, ते पांढरं नुसतं केमिकल असतं." सासऱ्यांचं बीपी वाढतं म्हणून ह्यांनी 'लो सोडियम' लिहिलेलं पाकीट आणलं. सासरे 74 वर्षांचे आहेत, बीपीची गोळी रोज चालू आहे, आणि मागच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वर आलंय. मुलगी अकरा वर्षांची. चौघांचं जेवण एकाच पातेल्यात होतं, प्रत्येकाची वेगळी भाजी करणं मला जमणार नाही.

या महिन्यात दोनदा चुकले. एकादशीला उपासाच्या बटाट्यात सैंधव समजून पादेलोण पडलं. दोन्ही दळलेली, दोन्ही गुलाबी. अख्ख्या घरात उकडलेल्या अंड्यासारखा वास सुटला आणि सासरे न जेवता उठले. खरं तर आमच्याकडे उपासाला रोजचंच मीठ चालायचं, पण शेजारच्या बेन फराळात फक्त सिंधवच घालतात, ते बघून मुलगी विचारायला लागली म्हणून मी बदललं.

दुसरी चूक जास्त लागली. खंडेराव मार्केटमधून लोणच्यासाठी राजापुरी कैरी आणली, दोन किलो फोडी झाल्या. सासूबाईंच्या वहीत लिहिलंय, "दोन किलोस तीन वाट्या मीठ". त्यांचीच वाटी घेतली, सपाट भरून तीन वाट्या बारीक मीठ घातलं. आठ दिवसांनी चव बघितली तर जिभेवर ठेववेना. त्यांच्याशिवायचं पहिलं लोणचं आहे हे. टाकून द्यायला हात होत नाही.

तर सांगा: रोजच्यासाठी यातलं कुठलं? सासऱ्यांना ते पाकीट चालेल का? आणि लोणचं वाचेल का?

राजापुरी काकू:

अगं, टाकू नकोस! आधी एक कर. तीच वाटी घे, एकदा बारीक मीठ भरून वजन कर आणि एकदा खडे मीठ भरून. वहीतल्या तीन वाट्या खड्या मिठाच्या असणार, आमच्या पिढीत लोणच्याला बारीक मीठ कोणी घेतच नव्हतं. खड्यांच्या मध्ये हवा राहते, बारीक मीठ घट्ट बसतं. वाटी तीच, पण मीठ जास्त.

माझं प्रमाण किलोभर फोडींना दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम. त्याच्या खाली जाऊ नये, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. खडे मीठ घेतलंस तर आधी कढईत कोरडं परतून घे, गार झाल्यावर कुट. दमट मीठ लोणच्यात गेलं की वर्षभराची मेहनत जाते.

आता उपाय. अर्धा किलो राजापुरी अजून आण. फोडी पुसून पंख्याखाली कापडावर पसर, मीठ अजिबात लावू नकोस. त्या अर्ध्या किलोपुरती मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हिंग घे, फोडणी पूर्ण गार कर आणि सगळं जुन्यात कालव. वर तेल तरंगलं पाहिजे. पंधरा दिवस रोज लाकडी चमच्यानं खालीवर कर. जुन्या फोडींतलं मीठ नव्या फोडी ओढून घेतील.

आणि बाळा, आमच्या सासूबाईंच्या वहीतल्या वाट्या मीसुद्धा तीन उन्हाळे चुकत होते. मग वाटीच्या बुडाला खिळ्यानं ग्रॅम कोरून घेतले.

औषधांच्या दुकानातला:

सासऱ्यांबद्दल लिहिलंत म्हणून थांबून उत्तर देतोय. ते लो सोडियमचं पाकीट आज त्यांच्या जेवणात घालू नका. मागे घटक वाचा, 'पोटॅशियम क्लोराइड' दिसेल. अशा मिठात थोडं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्यांचं मूत्रपिंड ठीक आहे त्यांना त्याचा बीपीसाठी उपयोग होतो, जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये तशी शिफारसही केली आहे. पण त्याच शिफारशीत मूत्रपिंडाचा त्रास असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांना वगळलंय. तुमच्या घरी क्रिएटिनिन वाढलेले आजोबा आहेत आणि अकरा वर्षांची मुलगी आहे. त्यात बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारख्या, स्वतःच रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. गोळीचं पान (स्ट्रिप) आणि हे पाकीट दोन्ही घेऊन डॉक्टरांना दाखवा.

नणंदबाईंनी दिलेल्या सैंधवाबद्दल. सैंधव म्हणजेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो, पण ते लोह पोटाला पुरेल इतकं नसतं. बीपीसाठी सैंधव आणि पांढरं मीठ सारखंच. फरक आयोडीनचा आहे. साध्या सैंधवात ते नसल्यासारखंच, आणि घरात वाढतं मूल आहे. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडानं त्रासलेली होती. 1956 पासून कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन बघितलं, गलगंड कमी झाला, आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला 2006 पासून बंदी आहे. दुकानातून घेताना त्यात किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम आयोडीन असायला हवं. त्या 'केमिकल'मुळे ज्या गावांतल्या पोरांचे गळे वाचले त्यांना त्याची किंमत विचारा.

रोजचं म्हणून आयोडीनचं बारीक मीठच ठेवा. डबा घट्ट झाकणाचा, गॅसपासून लांब. भाजीत शक्यतो शेवटी घाला, आयोडीन कमी उडतं.

बीपीसाठी खरं काम मिठाच्या प्रमाणात आहे. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा जेमतेम. चार माणसांचं महिन्याला 600 ग्रॅम होतं. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. किलोभर मीठ महिन्यात संपत असेल तर कुठं कमी करायचं ते कळेल. लोणचं, पापड, फरसाण, सेव उसळ यांतलं मीठ त्याच्या वर.

इंदूरची माहेरवाशीण:

पादेलोणाचं मी सांगते, आमच्याकडे ते नाही तर जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) नाही, आणि जिरावन नाही तर पोहे नाहीत. त्याला गंधकाचा वास असतो, तोच त्याचा गुण. शिजवू नका, वरून भुरभुरा: ताक, काकडी, पेरू, चाट. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि शंका आली तर चिमूटभर पाण्यात टाकून वास घ्या. सैंधवाला काहीच वास येत नाही.

रणातून आलेला:

मी बडोद्याचाच, पण नोकरीनं सहा वर्षं कच्छच्या छोट्या रणाजवळ, खाराघोड्याकडे होतो. तुमच्या सासूबाईंच्या बरणीतलं मोठ्या खड्यांचं मीठ तिकडचं असू शकतं, त्याला वडागरू म्हणतात. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं. छोट्या रणात समुद्राचं पाणी घेत नाहीत, जमिनीखालचं खारं पाणी उपसून पाट्यांत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यांत, सोडतात. पावसाळा संपला की अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी कुटुंबं रणात जाऊन राहतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच असतात. मिठाचा थर घट्ट बसू नये म्हणून बाई-गडी अनवाणी पायांनी पाट्यात उतरून लाकडी दाताळं ओढत राहतात. त्या पायांना पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. तेव्हापासून ताटात मीठ उरलं की मला टाकवत नाही.

खडे मीठ जुलैत पाझरतं ते त्यातल्या मॅग्नेशियमच्या अंशामुळे, तो हवेतलं पाणी ओढतो. ते खराब झालेलं नसतं. पण त्यात आयोडीन असेलच असं नाही, म्हणून रोजच्या भाजीला नको, लोणच्याला ठेवा.

सैंधव मात्र आपल्याकडे मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून यायचं. मे 2025 पासून तिकडची आयात बंद आहे. थोडं हिमाचलात मंडीजवळच्या खाणीत निघतं. नणंदेनं दोन किलो दिलंय ते उपासापुरतं जपून वापरा, बराच काळ पुरेल.

दांडियाबाजारची सून:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

वाटीचं वजन केलं. खडे मीठ 140 ग्रॅम, बारीक 180 ग्रॅम. म्हणजे त्यांनी 420 घातलं असतं, मी 540 घातलं. काकू, अर्धा किलो फोडी काल रात्री कालवल्या, म्हणजे किलोमागे 216 ग्रॅम मीठ झालं, तुमच्याच मापात. आज सकाळी बरणी उघडली तेव्हा सासरे देवघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "वास तिच्यासारखा येतोय."

लो सोडियमचं पाकीट पिशवीत घालून ठेवलंय, सोमवारी गोळीच्या पानासोबत डॉक्टरांकडे नेणार. रोजच्या पिशवीवर तारीख लिहिली. सैंधव उपासाच्या डब्यांशेजारी गेलं. नणंदेला फोन करून आयोडीनचं सांगितलं, ती आधी रागावली, मग म्हणाली, "माझ्या धाकट्यालाही सैंधवच देतेय गं वर्षभर." तिनं आज बारीक मीठ आणलं.

खड्या मिठाची बरणी जिथं होती तिथंच आहे. दिवाळीनंतर पाडव्याच्या पहाटे "सबरस" म्हणत मीठवाला गल्लीत येतो, तेव्हा सासूबाई त्याच्याकडून ओंजळभर घेऊन आधी त्याच बरणीत टाकायच्या. यंदा मुलीला खाली पाठवीन.