एन्झाइमचं स्ट्रक्चर माहीत असूनही हजारो व्हेरिअंट कशाला तपासायचे?

विकरवेडी:
बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, एन्झाइम इंजिनिअरिंगवर सेमिनार द्यायचाय आणि एका जागी गाडी अडलीये. डायरेक्टेड एव्होल्यूशन समजलं, म्हणजे जीनमध्ये रँडम म्युटेशन्स घालायची, ढीगभर व्हेरिअंट (बदललेली रूपं) बनवायचे, सगळ्यात चांगला निवडून परत तेच करायचं. फ्रान्सिस अर्नोल्डनी १९९३ मध्ये सबटिलिसिन ई (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) वर हे केलं आणि ६०% डीएमएफमध्ये (हा एक ऑरगॅनिक सॉल्व्हंट) मूळ एन्झाइमच्या २५६ पट काम करणारा व्हेरिअंट मिळवला, २०१८ चं नोबेलही त्यांना याच कामासाठी. पण आता अल्फाफोल्ड हा एआय प्रोग्राम नुसत्या अमिनो ॲसिडच्या सीक्वेन्सवरून प्रोटीनचं स्ट्रक्चर देतो ना, मग अजून हे चाचपडणं कशाला? ॲक्टिव्ह साइट, म्हणजे रिॲक्शन होते ती जागा, बघायची, कुठलं अमिनो ॲसिड बदलायचं ते ठरवायचं, झालं. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रोटीनपंथी:
आधी एक गोष्ट, सबटिलिसिन बीपीएन, जे सबटिलिसिन ई च्या अगदी जवळचं आहे, त्याचं क्रिस्टल स्ट्रक्चर १९६९ मध्येच आलेलं होतं. म्हणजे १९९३ मध्ये स्ट्रक्चर नव्हतं म्हणून रँडम मार्ग घेतला असं नाहीये.

खरी अडचण अशी की स्ट्रक्चर म्हणजे एका क्षणाचा फोटो आणि एन्झाइमचा वेग ठरतो ट्रान्झिशन स्टेटवर (रिॲक्शनमधली मधली, क्षणभराची अवस्था), तिथे एखादा गट अर्धा अँगस्ट्रॉम (अणूच्या आकाराइतकं अंतर) इकडेतिकडे झाला तरी रिॲक्शन मंदावते, शिवाय प्रोटीन सतत हलत असतं त्यामुळे ॲक्टिव्ह साइटपासून लांबचा बदलसुद्धा परिणाम करून जातो आणि तो नुसतं बघून ओळखता येत नाही. पण आंधळेपणाने सगळं तपासणंही अशक्यच आहे, हिशोब करून बघ. ३०० अमिनो ॲसिडचं प्रोटीन घेतलं तर एकेरी बदल ५,७००, दुहेरी साधारण १ कोटी ६२ लाख, तिहेरी ३,००० कोटींच्या वर. म्हणून स्ट्रक्चर वापरतातच, पण शोधायची जागा लहान करायला.

फर्मेंटर:
+१. सेमिनारमध्ये सिटाग्लिप्टिनची केस घेच, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात पूर्ण आहे. टाइप २ डायबेटिसचं औषध, आधी त्यातल्या अमीनसाठी ऱ्होडियम कॅटॅलिस्ट आणि जास्त दाबाखालचा हायड्रोजन लागायचा, नंतर ऱ्होडियमचे अंश काढा, चुकीचा आयसोमर (रेणूचं आरशातलं उलटं रूप) काढा, हे सगळं वेगळं. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ठरवलं की हे ट्रान्सअमिनेजकडून (कीटोनचं अमीन करणारं एन्झाइम) करून घ्यायचं (पेपर २०१० चा, सायन्समध्ये). घेतलेलं एन्झाइम होतं छोटे मिथाइल कीटोन पचवणारं, सिटाग्लिप्टिनचा कीटोन त्याच्या पॉकेटमध्ये शिरतच नव्हता, ॲक्टिव्हिटी शून्य. आणि शून्यावर डायरेक्टेड एव्होल्यूशन चालत नाही, कारण निवडायला काही फरकच दिसत नाही!

मग त्यांनी मॉडेल आणि डॉकिंग (रेणू पॉकेटमध्ये कसा बसेल ते कॉम्प्युटरवर बघणं) वापरून, आधी कापून छोटा केलेला सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) घेऊन पॉकेटची एक बाजू मोकळी केली, मग दुसरी, तेव्हा कुठे खऱ्या कीटोनवर १ टक्क्याहूनही कमी कन्व्हर्जन दिसलं. तेवढं पुरेसं होतं. तिथून पुढे राउंडवर राउंड, आणि प्रत्येक वेळी परिस्थिती जरा जास्त कठीण करत नेली, सब्स्ट्रेट वाढव, डीएमएसओ (सॉल्व्हंट) वाढव, तापमान वाढव. शेवटच्या एन्झाइममध्ये २७ म्युटेशन्स, लिटरला २०० ग्रॅम सब्स्ट्रेट, ५०% डीएमएसओ, आणि ९९.९५ टक्क्यांच्या वर एनान्शिओमेरिक एक्सेस (म्हणजे जवळपास सगळा हवा तोच आयसोमर). एकूण कचराही १९ टक्क्यांनी कमी. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते कारण दार उघडलं स्ट्रक्चरनी आणि पुढची सगळी वाट स्क्रीनिंगनी (व्हेरिअंट बनवून तपासण्यानी) काढली, दोघांपैकी एकानेच हे झालं नसतं.

विकरवेडी:
वा, हे माहीतच नव्हतं, खूप आभार! पण मग निव्वळ डिझाइननी जमलेलं असं काहीच नाही का? आणि मशीन लर्निंगमुळे स्क्रीनिंग बंद होईल का?

साबणपाणी:
जमलेलं आहे की. डिटर्जंटमधलं सबटिलिसिन ब्लीचमुळे मरायचं, कारण २२२ नंबरचं मेथिओनिन ऑक्सिडाइज होतं. कारण माहीत, जागा माहीत, बदलून टाकलं, १९८५ चं काम आहे. मात्र तिथे काय बसवायचं हे कागदावर ठरलं नाही, उरलेली १९ च्या १९ अमिनो ॲसिड्स बसवून बघितली. ॲलानिन, सेरिन वगैरे ब्लीचला टिकली पण वेग काहीसा कमी झाला, सिस्टिनचा वेग चांगला होता पण ते पेरॉक्साइडला टिकेना. म्हणजे 'कुठे' हे डोक्यानी कळलं, 'काय' हे करूनच कळलं.

प्रोटीनपंथी:
मशीन लर्निंगचं उदाहरण हवं तर फास्ट-पीईटेज बघ, २०२२. प्लास्टिक खाणारा इडिओनेला साकाएन्सिस हा बॅक्टेरिया २०१६ मध्ये जाहीर झाला, पण त्याचं पीईटी प्लास्टिक तोडणारं एन्झाइम, पीईटेज, जरा गरम केलं की ढेपाळायचं. मॉडेलनी म्युटेशन्स सुचवली, पाच म्युटेशन्सचा व्हेरिअंट ५० अंशांना छान चालला. तरी सुचवलेल्यांपैकी कुठली एकत्र चालतात ते प्रयोगशाळेत बनवूनच बघावं लागलं. संख्या घटली, तपासणं सुटलं नाही.

आणि स्क्रीन कशावर लावतोय हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जे मोजाल तेच सुधारतं. पाण्यात विरघळणारा, रंग देणारा एस्टर वापरून पीईटेज निवडलंत तर त्या एस्टरवरच जोरात चालणारं एन्झाइम मिळू शकतं, घट्ट प्लास्टिकच्या पृष्ठभागावर ते तसंच चालेल याची खात्री नाही. सेमिनारमध्ये कुठलाही पेपर दाखवलास तरी त्यात स्क्रीनिंग कुठल्या सब्स्ट्रेटवर, कुठल्या तापमानाला, कुठल्या सॉल्व्हंटमध्ये केलंय ते नक्की सांग, प्रश्न त्यावरच येतील.