क्रूझवरचा कॅसिनो म्हणे गोव्यापेक्षा बरा. कशाच्या जोरावर?

गंगावेसकर:
काल आपल्या कोल्हापूरच्या ट्रॅव्हल ग्रुपवर एकानं मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं की गोव्याला जाऊन लुटून घेण्यापेक्षा क्रूझवरचा कॅसिनो बरा, फॅमिली सोबत असते, माणूस लिमिटमध्ये राहतो, एकदम सेफ. धडाधड अंगठे पडले त्यावर. मी उत्तर लिहीपर्यंत ॲडमिननं कमेंट बंद केल्या म्हणून इथं लिहालोय, आणि लांब लिहिणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या दाजींना पाइप कंपनीची डीलर मीट होती, सिंगापूरहून चार दिवसांची क्रूझ. भाचीची दहावी, म्हणून ताईच्या जागी मी गेलो. धक्क्याला जहाज उभं होतं तोवर कॅसिनोला साखळी, आत अंधार. जेवून वर डेकवर फोटो काढालोय तर खालनं जुगाराच्या मशीनचे आवाज सुरू झाले, जहाज हद्दीबाहेर गेलं की उघडतात म्हणे. दाजींनी रूमचं कार्ड काढलं. त्याच कार्डानं केबिनचं दार उघडतं, त्याच्यावरच बारचं बिल चढतं आणि तेच मशीनमध्ये घालायचं. कार्डाला जुन्या लँडलाइनच्या वायरीसारखी गुंडाळीची दोरी, तिचं दुसरं टोक शर्टाच्या बटणात अडकवलेलं. गोठ्यात दाव्याला बांधल्यासारखा माणूस मशीनला बांधलेला, चार दिवस मी तेच बघितलं. खिशातनं एक नोट बाहेर आली नाही. शेवटच्या सकाळी दाराच्या फटीतनं हिशेबाचा कागद आत सरकला, साडेतीन हजार सिंगापूर डॉलर, म्हणजे आपले सव्वादोन लाख. दाजी बेडवर बसून तो कागद पालटून पालटून बघत होते, मागं काहीतरी लिहिलं असेल म्हणून. मागं कोरा होता.

गोव्यात लुटतात, मान्य. पण तिथं नदीतल्या बोटीवरच्या कॅसिनोत पैसे मोजून चिप्स, म्हणजे खेळायची टोकनं, घ्याव्या लागतात, हाताला कळतं किती गेले. संपले की छोटी बोट पकडायची आणि दहा मिनिटांत पणजीच्या जेटीवर. जहाजावरनं कुठं जाणार, समुद्रात उडी मारणार? बाहेर पडायची सोयच नाही त्या जागेला सेफ कसं म्हणता, एवढंच मला विचारायचंय.

शिरोली_फौंड्री:
भावा, तू गोव्याला किती वेळा गेलायस? मी २०११ पासून जात होतो, आंबोलीतनं रात्री गाडी चालवून, पावसात, धुक्यात, समोरचा पांढरा पट्टा दिसत नसताना. "पैसे संपले की संपले" असं तिथं काही नसतं. फोन असतो नव्हं हातात? पहाटे तीनला इचलकरंजीच्या एकाला यार्नच्या व्यापाऱ्याला फोन लावून उसने मागताना मी स्वतः ऐकलंय, आणि मिळाले पण त्याला. मांडवीतल्या त्या बोटी रात्रभर चालू, जेवण-दारू एंट्रीच्या पॅकेजमध्ये, त्यामुळं उठायचं कारणच नाही. मी एका रात्रीत साडेचार लाख घालवलेत. परत येताना सावंतवाडीच्या पंपावर डिझेलला पैसे नव्हते, मित्राला झोपेतनं उठवून पाठवायला लावले.

क्रूझ वर्षातनं एकदा होते, धक्क्याला लागली की कॅसिनो बंद, चौथ्या दिवशी माणूस घरात. गोवा दर शनिवारी आहे. पाच-सहा तासांवर आहे हेच तर त्याचं विष आहे. तुझ्या दाजींचे सव्वादोन लाख गेले, वाईट झालं, पण एकदाच गेले. माझे चार वर्षं दर महिन्याला जात होते. मला विचारशील तर क्रूझ शंभर टक्के बरी.

गडहिंग्लज_ते_मायामी:
सहा वर्षं जहाजावरच्या कॅसिनोत टेबलावर पत्ते वाटलेत म्हणून बोलतोय. दोघंही अर्धंच बघालाय.

धक्क्याला बंद असतो ते कायद्यामुळं, गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी नव्हे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ही आपल्या देशाची हद्द. त्याच्या बाहेर जहाजावर ज्याचा झेंडा त्याचा कायदा, आणि झेंडा बहुतेक बहामा नाहीतर पनामाचा. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात मशीननं लावलेल्या पैशातले किमान ७५ टक्के परत दिलेच पाहिजेत असा नियम आहे, न्यू जर्सीत ८३. तिथं सरकारचा माणूस येऊन मशीन तपासतो. भर समुद्रात कोण येणार? चांगल्या कंपन्या नेवाडाचे नियम आपणहून पाळतात, पण नाही पाळले तर तक्रार कुठल्या देशात करायची ते तुम्ही सांगा.

टेबलाचं पण ऐका. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्याच दोन पत्त्यांत २१, लागला की चांगल्या जागी ३ ला २ देतात, हजाराला दीड हजार. जहाजावर बऱ्याच टेबलांवर ६ ला ५, म्हणजे हजाराला बाराशे. एवढ्या एका फरकानं घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा जवळपास दीड टक्क्यानं वाढतो. रुलेटच्या आकड्यांच्या चाकावर एक शून्य असलं तर घराचा वाटा २.७० टक्के, दोन शून्यं असली की ५.२६. आमच्या जहाजावर दोन शून्यांचंच चाक होतं. लोक चाक बघून बसत नाहीत, रिकामी खुर्ची बघून बसतात. आता खरं बोलायचं तर ६ ला ५ वेगासच्या मोठ्या हॉटेलांत पण सर्रास झालंय, त्यामुळं पाप एकट्या जहाजांचं नाही.

टेबल सोडताना आम्ही दोन्ही हात एकमेकांवर झटकून तळवे वर करून कॅमेऱ्याला दाखवायचो, चिप लपवलेली नाही म्हणून. आमच्या हातावर इतकं लक्ष होतं. समोरचा माणूस सकाळपासून जेवला नाही, ह्याच्यावर कुणाचं नव्हतं.

शिरोली_फौंड्री:
टक्क्यांचं ठीक आहे, दोन शून्यांचं मला माहीत नव्हतं, मान्य. पण गोव्यात टक्के चांगले धरले तरी मी बुडालोच नव्हं? माणूस टक्क्यानं बुडत नाही, किती वेळ बसतो त्यानं बुडतो.

राजारामपुरी_ताई:
मी दोन्हीकडं गेलोय, मिस्टरांसोबत. तुमच्या भांडणात एक गोष्ट कुणीच बोलेना. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या माणसाला तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपलं घर बुडू नये एवढं त्यांच्या सरकारला कळतं, मग कोल्हापूर-बेळगावचं घर बुडलेलं कसं चालतं? सिंगापूरला बघा, २०१० ला दोन मोठे कॅसिनो काढले, पण स्वतःच्या नागरिकाला आत जायला दिवसाला १५० डॉलर भरायला लावतात. बायको-पोरांनी अर्ज केला तर नवऱ्याचं नाव बंदीच्या यादीत घालतात. जमिनीवर निदान बाईला अर्ज करायला एक ऑफिस तरी आहे. जहाजावर मी कुणाकडं जाऊ, कॅप्टनकडं? म्हणून माझं मत गंगावेसकरांच्या बाजूनं.

शाहूपुरीकर:
मग आपल्याकडंच रीतसर कॅसिनो का नको? कर आपल्याला, नियम आपले. महाराष्ट्रानं १९७६ लाच कॅसिनोचा कायदा केला होता, एक दिवस लागू केला नाही आणि २०२३ ला रद्द करून टाकला. गोव्यानं पण स्वतःचा १९७६ चाच जुगाराचा कायदा धरला, त्यात बदल करून १९९२ ला पंचतारांकित हॉटेलात मशीन आणि १९९६ ला बोटीवर टेबल आणलं, आणि आपला पैसा घाट उतरून तिकडं जातो.

राजारामपुरी_ताई:
रद्द केला ते चांगलं केलं. गोव्याला जायला निदान सुट्टी काढावी लागते. उद्या रंकाळ्याला काढला तर भाजी आणायला म्हणून गेलेला माणूस तिथं सापडेल.

रमी_मास्टर_कोल्हापूर:
सगळ्यांना एका मापात मोजू नका. रुलेट आणि मशीन हा नशिबाचा जुगार, तो समुद्रात काय आणि जमिनीवर काय, वाईटच. रमी हा बुद्धीचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानं १९६८ ला सांगितलंय. मी ३० वर्षं क्लबमध्ये खेळतोय, आमच्यात रिटायर्ड मास्तर आहेत, बँकेतले आहेत, कुणी रस्त्यावर आलं नाही. क्रूझवर रमीचं टेबल ठेवलं असतं तर आपल्या माणसांनी पैसे जिंकून आणले असते.

उजळाईवाडी_९:
बुद्धीचा खेळ. बरं. माझा धाकटा भाऊ मोबाईलवर रमी खेळायचा, जाहिरातीत मोठमोठे हिरो तेच म्हणायचे, बुद्धीचा खेळ. पहिल्या आठवड्यात चार हजार जिंकला आणि घरात पेढे आणले. आईनं देवापुढं ठेवले. नंतर उसाचं बिल खात्यात जमा झालं की दोन दिवसांत गायब. मग लोन ॲप, एकाचं फेडायला दुसरं. दोन म्हशी विकल्या तेव्हा आम्हाला कळलं, कारण दूध घालायला कुणी जाईना आणि डेअरीतनं फोन आला. रात्री अंथरुणात पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड दिसायचा, आम्हाला वाटायचं पोरगीशी बोलतोय. ना क्रूझ, ना गोवा, पांघरुणाखाली गेलं सगळं. तुम्ही कसल्या जहाजावर वाद घालताय?

रमी_मास्टर_कोल्हापूर:
वाईट वाटलं, पण राग मानू नका, तुमच्या भावाला खेळ येत नव्हता. सिक्वेन्स लागल्याशिवाय पान धरून बसणारे असेच जातात.

उजळाईवाडी_९:
तोंड सांभाळून बोला. तो आज शिरोलीत हेल्पर म्हणून लोखंड उचलतोय आणि पगार आईच्या हातात देतोय. खेळ येत नव्हता म्हणे! समोर कोण बसलंय, माणूस आहे का मशीन, ते तरी दिसत होतं का त्याला? तुमच्या मास्तरांचा चेहरा तुम्हाला दिसतो.

राजारामपुरी_ताई:
मास्टर, १९६८ चा निकाल पुढं पण वाचा. त्यातच म्हटलंय की क्लबचा मालक त्या खेळावर नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. तुमच्या क्लबमध्ये प्रत्येक डावामागं टेबलाचे पैसे काढतात का नाही ते सांगा आधी. आणि मोबाईलवरच्या रमीचं म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, बुद्धीचा का नशिबाचा हा फरकच ठेवला नाही.

रमी_मास्टर_कोल्हापूर:
टेबलाचे पैसे चहा-पंख्याचे असतात ताई, नफा नव्हे. आणि सरकारनं चुकीचंच केलं. दारू पिऊन लोक मरतात म्हणून वाईन शॉप बंद केलं का?

शिरोली_फौंड्री:
मास्टर, मीपण असंच म्हणायचो. मला ब्लॅकजॅक येतो, माझी सिस्टिम आहे, बाकीचे अडाणी. ३० वर्षांत क्लबात किती घातले आणि किती काढले, वहीत लिहिलंय का कधी? मी लिहायला बसलो तेव्हा पहिल्या पानावरच थांबलो. गोवा त्या दिवशी सुटला माझा.

रमी_मास्टर_कोल्हापूर:
वही नाही ठेवली. (@उजळाईवाडी_९, भावाबद्दल बोललो ते बोलायला नको होतं, ते मागं घेतो. बाकी माझं मत तेच आहे.)

उजळाईवाडी_९:
ठीक आहे. विषय संपला माझ्याकडनं.

गंगावेसकर:
अरे, धागा माझा क्रूझचा होता. असू दे, उजळाईवाडीच्या भावानं लिहिलं ते वाचून मी जेवणावरनं उठलो.

शिरोलीकरांचं एक मला पटवून घ्यावं लागतंय, इच्छा नसताना. गोवा जवळ आहे म्हणून जास्त खातो, आणि वर्षातनं एकदा होणारी क्रूझ त्या हिशेबानं कमी खाते. पण हे त्याला लागू, ज्याची क्रूझ खरोखर एकदाच होते. दाजींच्या मेलवर आता महिन्याला एक ऑफर येते, तुमच्या खेळाच्या पॉइंटवर केबिन फुकट. फुकट केबिन कशाला देतात हे मायामीवाल्यांनी सांगावं. आणि गोव्यात आता चिप्स घेतानाच जीएसटी कापतात, आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४०, तो तरी डोळ्याला दिसतो. जहाजावर काहीच दिसत नाही, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

शिरोली_फौंड्री:
फुकट केबिनचं मला माहीत नव्हतं. गोव्यात पण रूम फुकट द्यायचे आम्हाला, मग दोन्ही सारखंच की. तरी चार दिवसांचं फुकट आणि दर शनिवारचं फुकट ह्यात फरक आहे, एवढं मी म्हणणारच.

गडहिंग्लज_ते_मायामी:
फुकट केबिन त्यालाच जाते ज्याच्याकडनं केबिनच्या कितीतरी पट येणार हे कॉम्प्युटरला माहीत असतं. किती लावतो, ताशी किती डाव खेळतो, किती तास बसतो, सगळं त्या दोरीच्या कार्डावर चढतं. तुम्ही दावं म्हणालात ते बरोबर आहे.

गंगावेसकर:
मग एक सांगा. ताईंनी सिंगापूरचं लिहिलं तसं जहाजावर घरच्यांनी सांगून एखाद्याचं खेळणं बंद करता येतं का? दिवाळीनंतर परत डीलर मीट आहे. बहिणीनं काल फोन करून हेच विचारलं.

गडहिंग्लज_ते_मायामी:
बायकोनं सांगितलं म्हणून बंद झालेलं मी सहा वर्षांत बघितलं नाही. आमच्याकडं माणसानं स्वतः लिहून दिलं तरच कार्डाला कॅसिनो बंद करायचे. गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर पहिल्याच दिवशी, जहाज सुटायच्या आधी सांगायचं. नंतर माणूस सांगत नाही.

राजारामपुरी_ताई:
बहिणीला म्हणावं यावेळी तूच जा सोबत, आणि धक्क्यावरच त्यांना काउंटरला घेऊन जा. पोरीचं वर्ष तिची आजी सांभाळेल.

गंगावेसकर:
तिचा पासपोर्ट संपलाय. उद्याच अपॉइंटमेंट बघतो.