फ्रेंच क्वार्टरच्या पलीकडे जाच
अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला गेलं की फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना भाग पाहिला की झालं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला अजिबात पटत नाही. क्वार्टर सुंदर आहेच. १७८८ आणि १७९४ च्या आगींनंतर ते बरंचसं स्पॅनिश अमलात पुन्हा उभं राहिलं, नाव मात्र फ्रेंचच राहिलं. पण रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडून ट्रेमे या शेजारच्या वस्तीत शिरा. तिथल्या काँगो स्क्वेअरमध्ये गुलामगिरीत जखडलेली माणसं रविवारी जमायची, ढोल वाजवायची, नाचायची, चार वस्तू विकायची. त्या ओकच्या झाडांखाली मी बराच वेळ नुसती बसून होते.

पुढे मॅरिनी, बायवॉटर या वस्त्यांमध्ये पायी फिरा. रंगीत, अरुंद 'शॉटगन' घरं. खोलीमागे खोली, मधे बोळ नाही. दारं उघडी असली की रस्त्यावरून थेट परसदार दिसतं. बूट मात्र चांगले घाला, ओकच्या मुळांनी फूटपाथ पार उचकटलेत.

गार्डन डिस्ट्रिक्टला सेंट चार्ल्सच्या ट्रामनेच जा, ही लाइन १८३५ पासूनची आहे. खिडकीतून झाडांवर लटकलेल्या मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या माळा दिसतात. आणि संध्याकाळी कॅनाल स्ट्रीटवरून फेरीबोटीने नदीपलीकडच्या अल्जीयर्स पॉइंटला. मिसिसिपी नदी केवढी रुंद आहे ते मला तिथेच कळलं.