काउंट नॉर्मल, तरी रक्त का थांबेना?

प्लेटलेटचा, म्हणजे जखमेवर चिकटून रक्त थांबवणाऱ्या बारीक रक्तपेशींचा, आकडा दीड लाखाच्या वर असला की रक्तस्रावाची चिंता नको, असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. प्लेटलेट किती आहेत ते रिपोर्टमध्ये दिसतं, त्या चिकटतात की नाही ते दिसत नाही. रक्तवाहिनी कापली गेली की आधी ती स्वतःच आकसते आणि अस्तराखालचं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन त्यावर बसतं आणि वेगाने वाहणाऱ्या रक्तातून प्लेटलेट पकडतं. हे प्रथिन बनवतं कोण? मुख्यतः रक्तवाहिनीचं अस्तरच! विटा रक्तातल्या, पण सिमेंट भिंतीचं.

ते कमी पडलं तर काय होतं, ते फिनलंडच्या डॉ. एरिक फॉन विलब्रँड यांनी १९२६ साली लिहून ठेवलं. ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात प्लेटलेटचा आकडा ठीक, पण रक्त थांबायला फार वेळ लागायचा. त्यातली एक मुलगी पुढे तेराव्या वर्षी पाळीच्या रक्तस्रावाने गेली. आजही पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या मुलींचा सीबीसी (रक्तपेशी मोजणारी नेहमीची तपासणी) काढतात, हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या देतात आणि विषय संपतो. या फॅक्टरची तपासणी सीबीसीत नसते, ती वेगळी सांगावी लागते. दात काढल्यावर बराच वेळ रक्त येणं, वरचेवर घोळणा फुटणं, घरात आणखी कुणाला तसंच होणं, असं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.