एकाच लॉटमधले गोल्फच्या ड्रायव्हरचे तीन हेड फुटले, क्लब जोडायच्या आधी हेड तपासायचं कसं?

मी लोकांना मापाप्रमाणे गोल्फचे क्लब (बॉल मारायच्या काठ्या) जोडून देतो, हेड म्हणजे खालचा बॉलला लागणारा भाग बाहेरून घेतो. मागच्या सीझनला ड्रायव्हरचे (लांब मारायच्या क्लबचे) 460 सीसीचे टायटॅनियमचे आठ हेड एकाच लॉटमधून घेतले आणि त्यातले तीन गेले. पहिल्याचा आधी आवाज बदलला, खणखणीत वाजायचा तो एकदम बद्द वाजायला लागला, मी म्हटलं इपॉक्सी (चिकटवायचा गोंद) सुटली असेल म्हणून शाफ्ट (दांडा) काढून परत बसवला, पण दोन आठवड्यांत फेस (बॉल लागतो ती बाजू) आणि क्राउनच्या (हेडच्या वरच्या भागाच्या) सांध्यावर केसाएवढी रेघ दिसली, नुसत्या डोळ्यांनी कळतही नव्हती, नख फिरवलं की अडकायचं. बाकीचे दोन तिथेच चिरले. सप्लायर म्हणतो शाफ्ट नीट बसवला नसेल. अहो पण होझल (शाफ्ट बसतो ती नळी) ठणठणीत आहे, चीर फेसला आहे! ग्राहकाला नवीन क्लब मी पदरचा दिला, त्याचं दुःख नाही, पण त्याने विश्वासाने घेतला होता ते मनाला लागलं. उरलेल्या पाच हेडचं काय करू?

शाफ्टवाला
फुटलेल्यातला एक कापून बघा दादा, मी कापलाय असा. आतून वेल्ड एका जागी गोळा होऊन बसलेलं आणि बोटभर पुढे जवळजवळ नाहीच, वर रंग निळसर राखाडी. टायटॅनियम तापलं की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन पिऊन घेतं आणि ठिसूळ होतं, म्हणून ते आरगॉन गॅसच्या आडोशाने वेल्ड करतात. वेल्ड चांदीसारखं चकचकीत असेल तर उत्तम, फिकट पिवळं चालतं, पण निळं, राखाडी किंवा पांढरट भुकटीसारखं दिसलं तर गॅस नीट पोचलेला नाही. अडचण ही की बाहेरून घासून रंग दिलेला असतो त्यामुळे कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी नवीन लॉट आला की एक हेड कापायलाच ठेवतो, तेवढा खर्च धरूनच चालायचं.

जुना बेंच
वेल्डचं पटलं, पण सगळं वेल्डवर ढकलू नका. ग्राहकांचा स्विंग स्पीड किती होता ते सांगा. फेस मुळात तीन मिलिमीटरच्या आसपास, कडेला त्याहून पातळ. गोल्फच्या नियमात सीटीची (फेस किती उसळी देतो त्याच्या मापाची) मर्यादा 239 मायक्रोसेकंद आणि वर 18 ची सूट, म्हणजे 257, आणि बनवणारे त्या कडेला जाऊन बसतात कारण गिऱ्हाईकाला लांब जाणारा बॉल हवा असतो. मारून मारून फेस थकला की सीटी वाढत जातं, म्हणजे फुटायच्या आधी काही दिवस क्लब जास्तच छान लागतो, लोक खूश असतात. ताशी 110 मैलांच्या वर मारणाऱ्याला हलका पातळ हेड मी देतच नाही.

आणि फेसवर स्टीलची पट्टी आडवी धरा. फेसला बाहेर फुगवटा असतो, पट्टी दोन्ही बाजूंना डुलली पाहिजे. मधे सपाट टेकली की फेस आत बसलाय, चीर नसली तरी तो हेड गेला समजा.

प्रश्नकर्ता
एक जण 115 मारतो, बाकी दोघं 95 च्या आसपास. त्यांच्या बाबतीत स्पीडचं कारण मला पटत नाही. उरलेल्या पाचातला एक हलवला की आत काहीतरी खुळखुळतं.

जुना बेंच
95 ला फुटला असेल तर मग हेडच खराब, माझं म्हणणं मागे घेतो. खुळखुळणारा तर मुळीच देऊ नका. कोरा असतानाच खुळखुळत असेल तर वेल्डचा थेंब किंवा आतला चिकट ग्लू सुटलाय, शाफ्ट बसवल्यावर सुरू झालं असेल तर इपॉक्सीचा तुकडा आत पडलाय, तो प्रकार आपल्या हातचा, शाफ्टच्या टोकाला बूच मारलं की होत नाही.

लॉफ्टमोज्या
एक भर घालतो. हेड हातात आला की वजन आणि लॉफ्ट (फेसचा कल, अंशांत) मोजून वहीत लिहा, लॉट नंबरसकट. माझ्याकडे 10.5 छापलेला हेड 12 निघालाय. एकाच लॉटमधे वजनं चार-पाच ग्रॅमनी इकडेतिकडे असतील तर फेसची जाडीही सारखी असेल असं मी धरत नाही. आणि वहीत तारखेनिशी नोंद आणि फोटो असले की सप्लायरला शाफ्टचं कारण पुढे करता येत नाही, मला दोनदा बदलून मिळालेत ते त्यामुळेच.

प्रश्नकर्ता
आत्ता पाचही काट्यावर ठेवले. चार 198 ते 200 ग्रॅममधे, खुळखुळणारा 205. तोच उद्या कापतो आणि वेल्डचा फोटो टाकतो.