मदत हवी आहे : इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या जुन्या रेखाटनांवरून उंची कशी काढावी?

नेपल्समधील ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन यांनी १७६७ साली, जुलैपासून ऑक्टोबरच्या उद्रेकापर्यंत, व्हेसुव्हियसच्या विवरात वाढत गेलेल्या छोट्या शंकूची बाह्यरेषा वेळोवेळी रेखाटली आणि ती रेखाटने १७७६ च्या त्यांच्या ग्रंथात, पिएत्रो फाब्रिस यांच्या रंगीत चित्रांसोबत, छापली गेली. रात्रीच्या लाव्हाच्या भडक चित्रांपुढे या साध्या रेषा फिक्या वाटतात खऱ्या, पण अभ्यासाला माझ्या मते त्याच अधिक उपयोगी आहेत. मात्र त्यांवरून शंकूची उंची काढायची झाल्यास प्रमाण कशाचे धरावे? विवराची कड धरावी, तर तीही उद्रेकात बदलते. त्या काळचे निरीक्षक कोनमापन करीत की नजरेच्या अंदाजाने रेखाटत, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.